गांडुळांचे अंथरूण

वणव्यात होरपळलेल्या एका डोंगरउतारावर, शेवटच्या उरलेल्या उंबराच्या ढोलीत, एक तरुण खार राहत असे. मुलांनो, त्या उतारालाही जंगल म्हणत, पण ते जुन्या सवयीने. वणवा येऊन गेल्याला दोन वर्षे झाली होती. जमीन इतकी टणक झाली होती, की पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळून थेट दरीत निघून जाई. वाऱ्याने आलेले बी पडल्या जागी वाळून जाई. उंबराला फळे धरत, पण वाटाण्याएवढी, आणि त्यांतली निम्मी हिरवीच गळत. त्या झाडावर जगणारे जीव रोज थोडे थोडे उपाशी राहत होते.

संध्याकाळ झाली की जंगलातली वडीलधारी मंडळी उंबराखाली जमत. सर्वांत वयोवृद्ध कासव मध्यभागी बसे, शेजारी धिप्पाड रानगवा, भोवती बाकीचे. "पूर्वी असं नव्हतं," कासव म्हणे. "नव्हतंच," गवा म्हणे. मग सगळे उसासा टाकत आणि आपापल्या घरी जात. दोन वर्षांत त्या जमिनीसाठी त्यांनी केलेले काम एवढेच.

खार मात्र दिवसभर जमीन उकरून पाही. कुठेही उकरले तरी तिला एकच गोष्ट आढळे : मातीत एकसुद्धा गांडूळ नव्हते. वणव्यात सगळी गेली होती. आणि ज्या मातीत गांडूळ नाही, ती भुसभुशीत करणार कोण?

शोधत शोधत ती डोंगराच्या पायथ्याशी, आटलेल्या ओहोळापाशी गेली. काठाला एका दगडाखाली तळहाताएवढी ओल शिल्लक होती. तिने दगड सरकवला. खाली सत्तर-ऐंशी गांडुळे एकमेकांना बिलगून पडली होती. त्यांतल्या सर्वांत जाड, सर्वांत काळसर गांडूळआजीने डोके वर केले.

"कोण गं तू?"

"मी वरच्या उंबरावरची खार. आमच्याकडे राहायला याल का, आजी?"

"राहायला नेतेस की खायला?"

"मी फळं खाते."

"हं. बगळाही परवा असंच काहीतरी म्हणाला होता," आजी म्हणाली, आणि त्या दाटीतही दोन-चार गांडुळे हसली.

खार तिथेच बसली. "आमची माती मेली आहे, आजी. तुम्ही आलात तर ती जगेल. आधी माझ्या घरी एक घर करते तुमच्यासाठी. तुमचा वंश वाढला, की मग प्रत्येक घरी एक एक. पण मला सांगा, तुम्हाला अंथरूण कसं लागतं?"

गांडूळआजीने डोके आणखी थोडे बाहेर काढले. मग म्हणाली, "बाई, हे आजवर आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

आणि तिने सांगितले. "वाळलेला पाला घे. हिरवा नको, हिरवा कुजताना तापतो. बारीक फाड, भिजव आणि पिळून काढ. मुठीत दाबलास तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. आम्ही कातडीनं श्वास घेतो. पाणी तुंबलं की गुदमरतो. मूठ-दोन मुठी माती मिसळ. आम्हाला दात नाहीत, मातीच्या कणांनीच आमच्या पोटात दळण होतं. शेण घालायचं असेल तर जुनं, निवलेलं, वास गेलेलं. ताजं अजिबात नको. ताजं शेण आज कोमट लागतं आणि परवा त्याचा निखारा होतो. हे सगळं मोकळं मोकळं पसर, दाबू नकोस. आणि आठ दिवस तसंच राहू दे. रोज पंजा घालून बघ. आधी गरम लागेल, मग गार लागेल. गार लागलं की आम्हाला ने."

"ही ओल किती दिवस टिकेल?"

"दहा. ओढूनताणून अकरा."

"मी नवव्या दिवशी येते."

"बघ हो. तुझ्या भरवशावर बसतो आम्ही. दुसरीकडे कुठे सरकायचं म्हटलं तर आजच निघायला हवं, अंगात त्राण आहे तोवर."

"येते म्हणजे येते," खार म्हणाली.

उंबराच्या पायथ्याशी तिच्या मालकीचे एक थोटके खोड होते. जेमतेम कासव चढेल एवढे बुटके आणि आतून पोकळ. पूर्वी त्यात ती बिया साठवी. आता साठवायला बिया नव्हत्या. तिने ते झाडून स्वच्छ केले. दगडांच्या सापटींत वणव्याच्या हाती न लागलेला सागाचा आणि पळसाचा पाला होता. तो ओढून आणला. माणसे डोंगरावर फिरायला येत आणि खाऊन झाले की वर्तमानपत्रे तिथेच टाकून जात. तीही तिने गोळा केली. गुळगुळीत रंगीत पाने बाजूला काढली आणि साध्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या दातांनी फाडल्या. खडकाच्या कपारीत दिवसाला ओंजळभर पाणी ठिबके; आधी साठलेल्या त्या पाण्यात हे सगळे त्याच दिवशी थोडे थोडे भिजवले, पिळले, मुठीत दाबून थेंब मोजले. पिळून पिळून तिचे पंजे सोलवटले. गेल्या वर्षीचे, उन्हापावसात पडून भुकटी झालेले शेण आणले. चार मुठी माती मिसळली. सगळे हलक्या हाताने उपसून मोकळे केले आणि वर नुसता पाला झाकला, म्हणजे हवा खेळती राहील.

दुसऱ्या दिवशी तिने आत पंजा घातला. कोमट. तिसऱ्या दिवशी चांगलेच गरम. पाचव्या दिवशी पुन्हा कोमट. आठव्या दिवशी अंथरूण गार झाले होते, आणि त्याला ओल्या मातीचा वास येत होता. वणव्यानंतर तो वास खारीला पहिल्यांदाच आला. ती कितीतरी वेळ खोडात तोंड घालून तशीच उभी राहिली.

त्याच संध्याकाळी कासव गव्याला आणि बाकीच्या मंडळींना घेऊन पाहणी करायला आले.

"पोरी, उद्या पाहुणे येणार म्हणे?"

"हो आजोबा. सगळं तयार आहे. हे बघा."

कासवाने मान लांब करून खोडात पाहिले. त्याचा चेहरा पडला. "हे कधी घातलंस?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस!" कासवाने मागे वळून गव्याकडे पाहिले. "ऐकलंस? आठ दिवसांचं शिळं अंथरूण पाहुण्याला! अगं, पाहुणा यायच्या आधी अंथरलेलं अंथरूण आजाऱ्याचं असतं. आपल्या जंगलात पाहुण्याचं अंथरूण त्याच दिवशी, ताजं, उबदार घालतात. माझ्या आजोबांपासूनची रीत आहे ही."

"आजोबा, तुमच्या आजोबांकडे गांडुळं आली होती का?"

"पाहुणा तो पाहुणा. त्यात गांडूळ काय आणि हत्ती काय!"

"हत्तीला जे मानवतं ते गांडुळाला मानवत नाही. मी त्यांनाच विचारलंय, त्यांना हेच हवंय."

यावर मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. गव्याने जीभ चावली. कासव हळू आवाजात म्हणाले, "तू पाहुण्यांना विचारलंस? तुम्हाला काय देऊ, असं? पोरी, विचारतो तो, ज्याच्या मनात द्यायचं नसतं. लाज आणलीस आम्हाला."

"आणि ही कागदं!" गवा म्हणाला. "माणसांनी ज्यावर भजी खाल्ली ती! त्यावर पाहुण्यांना निजवणार तू? मी इथे असताना?"

"गवेदादा, त्यांना भज्यांच्या कागदाचं काही नाही. त्यांना उष्णतेचं भय आहे."

"शिकलीसवरलेली आहेस ना," कासव म्हणाले, "म्हणून थोड्यात सांगितलं. असू दे. तू जा पाहुण्यांना आणायला. मागचं आम्ही बघतो."

"तुम्ही काही बघू नका! फक्त हात लावू नका," खार म्हणाली. पण कासवाने तोवर मान कवचात घेतली होती. वाद संपवण्याची त्याची पद्धत ती होती. मान आत घेतली की समोरच्याचे बोलणे संपले.

नवव्या दिवशी पहाटेच खार निघाली. ओहोळाची ओल बोटभर उरली होती. तिने पळसाच्या पानांचा मोठा द्रोण केला, उरलीसुरली ओली माती त्यात भरली, तिच्यावर एक एक करून सगळी गांडुळे ठेवली आणि द्रोण ओढत डोंगर चढू लागली. एवढीशी खार! दर दहा पावलांवर थांबे, सावली शोधे, पुन्हा ओढू लागे.

"बरं घातलंयस ना गं अंथरूण?" गांडूळआजीने वाटेत विचारले.

"गार आहे, आजी. मुठीत एक थेंब."

"मग आमचं काही म्हणणं नाही," आजी म्हणाली.

उन्हे डोक्यावर आली तेव्हा ती उंबरापाशी पोचली. सारे जंगल जमले होते. खोडाभोवती सडा घातला होता. आणि खोडात काठाच्या जरा खालपर्यंत ताजे शेण भरले होते. गव्याचे, सकाळचे. वर हिरवागार लुसलुशीत गवताचा थर, आणि कपारीत खारीने पुढचे आठ दिवस जपून साठवलेले पाणी त्याच्यावर सढळ हाताने ओतलेले. खारीचे अंथरूण उतारावर फेकून दिले होते. कागदाच्या पट्ट्या वाऱ्याबरोबर दरीकडे चालल्या होत्या.

"बघ," गवा अभिमानाने म्हणाला, "अजून वाफ निघतेय."

खारीने द्रोण सोडला आणि खोडाकडे धाव घेतली. मग ती ओरडली, "काढा ते! सगळं काढा! मरतील ती त्यात!"

"शुभवेळी काय बोलतेस हे!" कासव म्हणाले.

"आजोबा, आज कोमट आहे, परवा त्यात हात घालवणार नाही. मला आजचा एक दिवस द्या. मी उतारावरचं सगळं वेचून आणते."

"आणि तोवर पाहुणे दारात, उन्हात? पोरी, बघ जरा त्यांच्याकडे."

खारीने द्रोणात पाहिले. कासव एवढे एकच खरे बोलले होते. माती कडेने सुकू लागली होती. बारकी गांडुळे तळाशी धडपडत होती. ओहोळाकडे परत जाण्यात अर्थ नव्हता, तिथली ओल ती पुसून घेऊन आली होती. तिने शेणात पंजा घातला. कोमट. नुसते कोमट. सगळे जंगल तिच्याकडे पाहत होते. तिने मनाशी हिशेब केला : आज संध्याकाळपर्यंत पाला वेचायचा, उद्या सकाळी यांना बाहेर काढायचे. एका दिवसात काय होणार आहे?

"आजी," ती द्रोणाशी वाकून म्हणाली, "फक्त आजचा दिवस. उद्या सकाळी मी तुम्हाला काढते."

गांडूळआजीने वास घेतला असावा. ती म्हणाली, "हे तू घातलेलं नाही."

"नाही."

"बरं. उद्या सकाळी."

मुलांनो, खारीची चूक झाली ती इथे. तिला ठाऊक होते आणि तरी ती बाजूला सरली.

सगळी गांडुळे आत सोडल्यावर गव्याने एक चपटी दगडी चीप आणून खोडावर झाकली. मग त्याने नाकाने ढकलत कासवाला वर चढवले. कासव चिपेवर ऐसपैस बसले.

"हे काय करताय?" खारीने विचारले.

"राखण. तीन दिवस पाहुण्याचं दार उघडायचं नसतं. प्रवासाचा शीण जाईपर्यंत झोपू द्यायचं, आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्यानं दारात बसायचं. मोठा मान असतो तो."

ही रीत खारीने कधी ऐकली नव्हती. ऐकणार कशी? तिच्या कळत्या वयात त्या जंगलात कुणी पाहुणाच आला नव्हता.

ती रडली, भांडली, कासवाला ढकलून पाहिले. कासवाने मान आत घेतली. ती गव्याकडे धावली.

"गवेदादा, तुमच्या एका धक्क्याचं काम आहे. त्यांना खाली उतरवा."

"मोठ्यांच्या अंगाला हात लावू मी?" गवा म्हणाला. मग तो दुखावल्या स्वरात म्हणाला, "आणि माझं शेण काय वाईट होतं? सबंध उतारावर विचार. दिलं ते मनापासून दिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खार खोडाला कान लावून ऐकू लागली. आतून ओल्या कातडीची घासाघीस ऐकू येत होती. वर, खाली, पुन्हा वर. खोडाला हात लावला तर लाकूड ऊन लागत होते.

"आजोबा, खाली हात लावून बघा! चीप तापलीय!"

कासव जागचे हलले नाही. "मला तर काही लागत नाही," ते म्हणाले. आणि ते खोटे नव्हते. दीडशे वर्षांचे जाड कवच होते त्याला. खाली निखारे पसरले असते, तरी वेळेवर कळले नसते.

"मग ऐका तरी! भिंतींवर चढतायत ती."

"नवं घर आहे. हिंडून बघत असतील."

तेव्हा खारीने खोडाच्या मागच्या बाजूला दात लावले. जुने, वणव्यात भाजून निघालेले लाकूड ते. दगडासारखे झाले होते. दिवसभर ती कुरतडत राहिली. ओठ फाटले. "पाहुण्यांच्या भिंतीला भोक पाडतेस?" वरून कासवाने विचारले. तिने दात आणखी खोल रोवले. संध्याकाळपर्यंत अर्धे लाकूड कुरतडून झाले होते. आतली घासाघीस आता भिंतीच्या वरच्या टोकालाच, चिपेच्या अगदी खाली ऐकू येत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोक पडले. आतून गरम, आंबूस वाफ तिच्या तोंडावर आली. तिने पंजा आत घातला आणि चटका बसून मागे घेतला. पुन्हा घातला. हाताला लागले ते एक एक करून बाहेर काढले. काही हलत नव्हती. अकरा हलत होती. उतारावरून वेचून आणलेला मूठभर गार पाला शेजारी होता, त्यात तिने त्यांना ठेवले.

"आजी!" तिने भोकातून हाक मारली. "आजी, इकडे या. माझ्या आवाजाच्या बाजूला."

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "येववत नाही गं."

"थोडंच अंतर आहे, आजी."

"तू विचारलंस," गांडूळआजी म्हणाली, "म्हणून आम्ही आलो."

त्यानंतर ती काही बोलली नाही. खारीने भोक दुपारपर्यंत आणखी मोठे केले, पण हाताला जिवंत काही लागले नाही.

संध्याकाळी कासव रीतीप्रमाणे खाली उतरले आणि चीप बाजूला झाली. सगळे जंगल स्वागतासाठी जमले होते. चिपेच्या खालच्या बाजूला, जिथे सगळ्यांत कमी उष्णता होती, तिथे गांडुळे एकमेकांना चिकटून वाळली होती. गवा मान फिरवून उभा राहिला. मंडळींपैकी काहींनी डोळे पुसले, आणि ते खोटे नव्हते.

कासवाने बराच वेळ आत पाहिले. मग मोठा उसासा टाकून म्हणाले, "थंडी बाधली बिचाऱ्यांना. ओलसर जागेतून आलेली, नाजूक जात. ऊब कमी पडली आपली." आणि थोड्या वेळाने, "पुढच्या खेपेला शेण दुप्पट घालू."

"घालू की," गवा म्हणाला. त्याला जरा बरे वाटले.

खार पुढे झाली. अंगात ओरडण्याचे बळ उरले नव्हते. "पुढची खेप नाही, आजोबा," ती म्हणाली. "ओहोळ आटलाय. तुमच्या या उतारावर यायला आता कुणी उरलेलं नाही."

कासवाने मान आत घेतली.

खारीने त्या अकरांना विचारले, "तुम्हाला कुठे जायचंय?" त्यांतले सगळ्यांत लहान गांडूळ म्हणाले, "जिथे यांच्यातलं कुणी नसेल तिथे." दुसऱ्या दिवशी उजाडताच खार त्यांना घेऊन डोंगराच्या पलीकडे निघून गेली. वाटेत आणखी चार गेली. उरलेल्या सातांचे काय झाले हे या उतारावर कुणाला कळले नाही, कारण कुणी चौकशीच केली नाही.

पुढच्या वर्षी उंबर वठला. त्याच्या कोरड्या बुंध्याशी मंडळी अजून रोज संध्याकाळी जमतात. त्या तीन दिवसांची गोष्ट निघाली की कासवाचे डोळे पाणावतात, आणि ते म्हणते, "गेली बिचारी, पण आपल्याकडून मानात काही कमी पडलं नाही हो."

तात्पर्य : ज्याचा पाहुणचार करायचा त्याला काय सोसते हे विचारायलाच ज्यांना कमीपणा वाटतो, ते पाहुण्याला जपत नाहीत, आपल्या रीतीला जपतात, आणि त्या रीतीची किंमत मोजायला वडीलधारे नव्हे, पाहुणा आत असतो.